युद्धनौकेवरील खेळ आणि खलाशाची प्रतिष्ठा : एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा :

नाणे टाकून खेळावयाचे कपाटाएवढे यंत्र, म्हणजेच आर्केड गेम, खलाशांच्या करमणुकीसाठी युद्धनौकेवर नेणे ही बाब वरवर पाहता किरकोळ वाटते. तथापि सैनिकाच्या रिकाम्या वेळेचा प्रश्न हा केवळ करमणुकीचा प्रश्न नसून तो सत्ता, समता आणि प्रतिष्ठा यांच्याशी निगडित आहे. प्रस्तुत शोधनिबंधात धरणगाव येथील भिल्ल कोअर, ब्रिटिश व अमेरिकन नौदलांतील खेळांची परंपरा, ‘सेगा’ या कंपनीचा लष्करी तळांशी असलेला संबंध आणि १९४६ चा मुंबईतील नाविक उठाव यांच्या आधारे या प्रश्नाचा ऐतिहासिक परामर्श घेण्यात आला आहे. करमणुकीची सोय वरिष्ठांच्या कृपेने मिळते की हक्काने, यावर तिचा खरा अर्थ ठरतो, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजसंज्ञा : नौदल, खलाशी, करमणूक, आर्केड गेम, कँटीन, नाविक उठाव, भिल्ल कोअर, धरणगाव.

प्रस्तावना :

इतिहासलेखनात सैनिकाचे दर्शन प्रामुख्याने रणांगणावर घडते. तो लढतो, जिंकतो, हरतो किंवा धारातीर्थी पडतो. परंतु प्रत्यक्षात सैनिकाच्या आयुष्यातील फारच थोडा काळ लढाईत जातो. उर्वरित काळ कवायत, पहारा, देखभाल, प्रवास आणि वाट पाहणे यांत व्यतीत होतो. नौदलाच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. जमिनीवरील शिपायाला छावणीबाहेर बाजार असतो, गाव असते, जत्रा असते. समुद्रावरील खलाशाला मात्र पोलादी भिंतींच्या आत, त्याच त्या माणसांत, आठवडेच्या आठवडे काढावे लागतात. काम संपल्यानंतर त्याने करावयाचे काय, हा प्रश्न म्हणूनच प्रत्येक नौदलापुढे उभा राहिलेला आहे.

खानदेशच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याची शक्यता आहे. धरणगाव समुद्रापासून दूर आहे. परंतु समुद्राशी त्याचा संबंध जुना आहे. सतराव्या शतकात येथील कापडाच्या व्यापारासाठी इंग्रजांनी धरणगावी वखार घातली होती आणि तिचा संबंध सुरतेच्या बंदराशी होता. पुढे एकोणिसाव्या शतकात याच गावी ब्रिटिशांच्या भिल्ल कोअरचे ठाणे झाले. शिपायाची निष्ठा केवळ पगाराने मिळत नाही, ती सहवासाने, शिकारीने आणि मेजवानीनेही मिळवावी लागते, याचा एक ठळक प्रयोग धरणगावी झाला. त्यामुळे या विषयाचा प्रारंभ आपल्या परिसरापासून करणे क्रमप्राप्त ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. सैनिकांच्या करमणुकीमागील राज्यकर्त्यांची भूमिका अभ्यासणे.
२. युद्धनौकांवरील पारंपरिक खेळांपासून नाण्याच्या यंत्रांपर्यंतचा प्रवास समजून घेणे.
३. १९४६ च्या नाविक उठावातील कँटीनविषयक मागणीचा अर्थ तपासणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो प्रकाशित दुय्यम साधनांवर आधारित आहे.

विषय विवेचन :

१) धरणगावचा प्रयोग : सहवास आणि निष्ठा

१८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाला व खानदेश ब्रिटिशांच्या ताब्यात आला. सातपुडा व सह्याद्रीच्या डोंगरांतील भिल्लांच्या प्रतिकाराला मात्र केवळ फौज पाठवून आवर घालणे ब्रिटिशांना जमले नाही. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या काळात, १८२५ मध्ये, धोरण बदलले. भिल्लांमधूनच एक दल उभे करावे असे ठरले आणि ते काम लेफ्टनंट जेम्स आउट्रम या बाविशीतील अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आले. या दलाचे मुख्य ठाणे धरणगाव हे होते.

आउट्रमच्या कार्यपद्धतीतील लक्षणीय बाब अशी की, त्याने प्रारंभी हुकमापेक्षा सहवासावर भर दिला. तो भिल्लांबरोबर वाघाच्या शिकारीस जाई, त्यांच्या मेजवान्यांत बसे, त्यांच्यात मिसळे. बोटांवर मोजता येतील इतक्या माणसांपासून सुरू झालेले दल हळूहळू वाढत गेले. मालेगावच्या छावणीत आउट्रमच्या जुन्या पलटणीतील उच्चवर्णीय शिपायांनी भिल्ल जवानांची हेटाळणी न करता त्यांना आपल्यात बसवून घेतले, या घटनेचे त्याला स्वतःलाही मोठे अप्रूप वाटले होते. ज्यांना इतर समाज तुच्छ लेखीत होता, त्यांना बरोबरीने बसण्याचा मान मिळाला. दल टिकण्यामागे या मानाचा वाटा कवायतीपेक्षा कमी नव्हता.

तथापि या प्रयोगाची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. शिकार व मेजवानी ही अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होती. ती त्याने दिली म्हणून मिळाली. शिवाय या दलाचा उपयोग भिल्लांच्याच बंडांविरुद्ध करावयाचा होता. राज्यकर्त्याच्या मर्जीवर आधारलेल्या संबंधाला मर्यादा असते, हे पुढे खानदेशातच दिसून आले. सेंधवा घाटाच्या रखवालीवर ब्रिटिशांच्या चाकरीत राहिलेल्या खाज्या नाईकांनी १८५७ मध्ये त्याच सत्तेविरुद्ध शस्त्र उचलले.

याउलट, हक्काच्या विसाव्याचे एक उदाहरण खानदेशच्या शेतीव्यवस्थेत आढळते. सालदाराचे वर्ष आखाजीला, म्हणजेच अक्षय्य तृतीयेला, संपते व नव्या वर्षाचा ठराव होतो. आखाजीच्या दिवसांत माहेरवाशिणी झोके घेतात, पुरुष पत्त्यांचे डाव मांडतात आणि सालदार कामातून मोकळा असतो. ही मोकळीक मालकाने उदार होऊन दिलेली नसते, तर ती रूढीने मान्य झालेली असते. मालकाची मेजवानी आणि सालदाराची आखाजी यांतील हा फरक पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे. पहिल्यात उपकार आहे, तर दुसऱ्यात हक्क आहे.

२) जहाजावरील रिकामा वेळ आणि पारंपरिक खेळ

ब्रिटिश नौदलात शिस्त कठोर होती आणि त्या कठोरपणावर उतारा म्हणून दारू होती. खलाशाला रोज ठरावीक रम देण्याची पद्धत दीर्घकाळ चालली व ती ३१ जुलै १९७० रोजी बंद झाली. अमेरिकन नौदलाने त्यापूर्वीच, १ जुलै १९१४ पासून, आपल्या जहाजांवर दारूबंदी लागू केली होती. दारू गेल्यानंतर तिची जागा कशाने भरावयाची हा प्रश्न निर्माण झाला. कॉफी, आइस्क्रीम, चित्रपट व खेळ यांना अमेरिकन जहाजांवर जे महत्त्व आले, त्याची पार्श्वभूमी येथे सापडते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पॅसिफिक महासागरातील लहान जहाजांना आइस्क्रीम पुरविण्यासाठी अमेरिकन नौदलाने काँक्रीटची एक स्वतंत्र बार्ज वापरली. ब्रिटनने ‘मेनेस्थियस’ या जहाजाचे रूपांतर करमणूक नौकेत केले व त्यावर नाट्यगृहाबरोबरच बिअर तयार करण्याचा कारखानाही बसविला. युद्ध जिंकण्यासाठी तोफांइतकीच मनाच्या विरंगुळ्याची गरज असते, हे या दोन्ही राष्ट्रांनी मान्य केल्याचे यावरून दिसते.

खेळांचा विचार करता एक गोष्ट भारतीय वाचकाचे लक्ष वेधून घेणारी आहे. आपल्याकडील पचिसी व सोंगट्यांच्या खेळावरून इंग्लंडमध्ये ‘ल्युडो’ हा खेळ तयार झाला व १८९६ मध्ये त्याचे पेटंट घेण्यात आले. ब्रिटिश खलाशांनी ल्युडोला अधिक डावपेचांचे रूप दिले आणि ‘अकर्स’ या नावाने तो आपल्या जहाजांवर रूढ केला. म्हणजे आपल्या ओसरीवरील सारीपाट साहेबाच्या घरातून फिरून त्याच्या युद्धनौकेवर जाऊन बसला. या खेळासाठी पट, फासे व सोंगट्या एवढेच साहित्य लागते. ते खलाशी स्वतः बनवू शकतात. त्यासाठी कोणाची परवानगी किंवा नाणे लागत नाही.

तंबोला या खेळाचे स्वरूप थोडे वेगळे आहे. ब्रिटिश लष्करात ‘हाऊसी’ व नौदलात ‘तंबोला’ या नावांनी ओळखला जाणारा हा आकड्यांचा खेळ पैशाचा असूनही तेथे मान्यताप्राप्त होता. भारतीय सैन्यदलांच्या मेसमध्ये व कुटुंबमेळाव्यांत तो आजही आवडीने खेळला जातो आणि तेथूनच तो आपल्या शहरांतील मंडळे व सोसायट्यांपर्यंत पोहोचला आहे. येथे तिकिटाचे पैसे एकत्र होतात आणि बक्षिसांच्या रूपाने खेळणाऱ्यांतच वाटले जातात. खेळातला पैसा शेवटी कोणाकडे जातो, हा मुद्दा नाण्याच्या यंत्रांच्या संदर्भात पुन्हा उपस्थित होतो.

३) नाण्याचे यंत्र आणि लष्करी तळ

आर्केड गेमचा इतिहास सामान्यतः बाजारपेठेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु त्यातील एका मोठ्या नावाचा उगम थेट लष्करी तळांवर आहे. १९४० मध्ये हवाई बेटांवरील होनोलुलू येथे मार्टिन ब्रॉम्ली, त्याचे वडील आयर्व्हिंग ब्रॉम्बर्ग आणि जेम्स हम्पर्ट यांनी ‘स्टँडर्ड गेम्स’ ही कंपनी सुरू केली. युद्धाच्या तयारीमुळे हवाई बेटांवर सैनिकांची व नौसैनिकांची गर्दी वाढत होती. हातात पगार, अंगात उमेद आणि समोर मोकळा वेळ असलेले हे तरुण नाण्याच्या यंत्रांचे गिऱ्हाईक होते. महायुद्धानंतर याच व्यावसायिकांनी ‘सर्व्हिस गेम्स’ हे नाव घेतले. येथे ‘सर्व्हिस’ याचा अर्थ सैन्यदल असा आहे.

१९५१ मध्ये अमेरिकेने जुगाराच्या यंत्रांच्या वाहतुकीवर निर्बंध घालणारा कायदा केला. आपल्या देशातील लष्करी तळांवरून ही यंत्रे हटवावी लागल्याने या व्यवसायाने जपानमधील अमेरिकन तळांकडे मोर्चा वळविला. पुढे ‘सर्व्हिस’ व ‘गेम्स’ या दोन शब्दांच्या आद्याक्षरांतून ‘सेगा’ हे नाव रूढ झाले. १९६५ मध्ये डेव्हिड रोझेन यांच्या कंपनीशी विलीनीकरण होऊन ‘सेगा एंटरप्रायझेस’ अस्तित्वात आली आणि १९६६ मध्ये या कंपनीने ‘पेरिस्कोप’ हे यंत्र बाजारात आणले. पाणबुडीच्या दुर्बिणीतून पाहावयाचे, समोरून सरकणाऱ्या जहाजांवर टॉर्पेडो सोडावयाचा, असा तो खेळ होता. नौसैनिकाच्या खिशातील नाण्यावर वाढलेल्या व्यवसायाने नौसैनिकाचे युद्धच खेळ बनवून नागरिकांना विकले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

या इतिहासातून एक महत्त्वाची बाब स्पष्ट होते. सैनिकाची करमणूक हा कल्याणाचा विषय असतो, तसाच तो नफ्याचाही विषय असतो. दूर देशी एकाकी असलेला तरुण हा व्यापाऱ्यासाठी सोपा ग्राहक असतो. म्हणूनच यंत्र आणणाऱ्याचा हेतू आणि यंत्रातून निघणाऱ्या पैशाचा विनियोग या दोन्ही गोष्टी तपासाव्या लागतात. आपल्याकडे मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७ यानेही केवळ कौशल्यावर आधारित खेळ व जुगार यांत भेद केलेला आहे. हा भेद जमिनीवर जितका महत्त्वाचा, तितकाच तो जहाजावरही आहे.

४) यंत्र जहाजावर चढविताना

कपाटाएवढे यंत्र युद्धनौकेवर नेणे हे तांत्रिकदृष्ट्याही सोपे नाही. जहाजाची दारे अरुंद, शिड्या उभ्या आणि खालच्या मजल्यांवरील जागा अपुरी असते. जेथे प्रत्येक खलाशाला झोपण्यापुरती फळी व सामानापुरती पेटी मिळते, तेथे शंभर किलोंच्या आसपास वजनाच्या वस्तूला जागा देणे म्हणजे कोणत्या तरी दुसऱ्या वस्तूची जागा काढून घेणे होय. यंत्र जमिनीशी घट्ट बांधावे लागते, अन्यथा वादळात तेच सुटून माणसांना चिरडू शकते. त्याच्या वीजपुरवठ्याचा जहाजाच्या व्यवस्थेशी मेळ बसावा लागतो. जुन्या रंगीत पिक्चर ट्यूब चुंबकीय क्षेत्राला संवेदनशील असतात आणि युद्धनौका तर पोलादाची असते.

खेळाच्या स्वरूपाचाही यात संबंध येतो. पिनबॉलमध्ये चेंडू उतरत्या फळीवरून घरंगळतो आणि खेळणाऱ्याने यंत्र हलविल्यास डाव बंद पाडणारी कळ त्यात बसविलेली असते. हेलकावणाऱ्या जहाजावर समुद्रच यंत्र हलवितो. त्यामुळे तेथे असा डाव नीट चालणे अवघड आहे. १९७० च्या दशकात ‘पाँग’, ‘स्पेस इन्व्हेडर्स’ यांसारखे व्हिडिओ गेम आले आणि चेंडूची जागा पडद्यावरील प्रकाशाच्या ठिपक्याने घेतली. जहाज कितीही कलले तरी हा ठिपका आपली वाट सोडत नाही. अमेरिकन नौदलाच्या जहाजांवर अशी करमणूक यंत्रे रुळली, त्यामागे हेही एक कारण मानता येईल. तेथे जहाजावरील दुकानाच्या कारभारात या यंत्रांना स्थान मिळाले आणि दुकानाच्या नफ्यातून खलाशांच्या कल्याण व करमणूक निधीस पैसा देण्याची व्यवस्था होती. म्हणजे खलाशाचे नाणे काही अंशी फिरून खलाशाकडेच येत होते. होनोलुलूतील खासगी यंत्र आणि जहाजावरील कल्याणनिधीचे यंत्र दिसायला सारखेच असले, तरी त्यांचा सामाजिक अर्थ वेगळा होता.

५) १९४६ : कँटीनची मागणी

आता या प्रश्नाच्या सर्वांत गंभीर रूपाकडे वळणे आवश्यक आहे. ते महाराष्ट्राच्या भूमीवर, मुंबई बंदरात प्रकट झाले.

रॉयल इंडियन नेव्हीचे मनुष्यबळ १९३९ मध्ये दोन हजारांहूनही कमी होते. महायुद्धाच्या अखेरीस ते ३०,००० च्या घरात गेले. पूर्वी कोकणच्या किनाऱ्यावरील दर्यावर्दी घराण्यांतून येणारे खलाशी अधिक असत. युद्धकाळात देशाच्या सर्व प्रांतांतून, समुद्र कधीही न पाहिलेल्या गावांतून, शिकलेले तरुण भरती झाले. भरतीच्या वेळी त्यांना मोठी आश्वासने देण्यात आली होती. प्रत्यक्षात मात्र निकृष्ट अन्न, ब्रिटिश खलाशाच्या तुलनेत तोकडे वेतन, अधिकाऱ्यांची शिवीगाळ आणि वंशभेद त्यांच्या वाट्याला आला.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्यातील ‘एच.एम.आय.एस. तलवार’ या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रातील नौसैनिकांनी अन्न व काम दोन्ही नाकारले. दुसऱ्या दिवशी एम. एस. खान यांच्या अध्यक्षतेखाली व मदन सिंग यांच्या उपाध्यक्षतेखाली केंद्रीय संप समिती स्थापन झाली. पाहता पाहता ७८ जहाजे, २० किनारी केंद्रे व सुमारे २०,००० नौसैनिक या उठावात सामील झाले. २१ फेब्रुवारीला कॅसल बॅरॅक्स, म्हणजेच पुढील काळातील आय.एन.एस. आंग्रे, येथे गोळीबार झाला. मुंबईच्या सामान्य जनतेने वेढ्यातील नौसैनिकांना अन्न पोहोचविले. २२ फेब्रुवारीच्या हरताळात गिरणगाव रस्त्यावर उतरले. परळ येथील गोळीबारात कमल दोंदे यांनी प्राण गमावले. मुंबईत दोनशेहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. सरदार पटेल यांच्या सल्ल्यानुसार २३ फेब्रुवारीला उठाव मागे घेण्यात आला.

उठावाच्या मागण्यांकडे पाहिले असता त्यांत आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची मुक्तता, इंडोनेशियातून भारतीय सैन्य मागे घेणे, ‘तलवार’चा प्रमुख कमांडर किंग याच्यावर कारवाई अशा मागण्यांच्या शेजारीच आणखी एक मागणी आढळते. वेतन, कुटुंबभत्ता आणि ‘नाफी’ कँटीनच्या सवलती ब्रिटिश नौदलाच्या बरोबरीने मिळाव्यात, अशी ती मागणी होती. ‘नाफी’ ही १९२१ मध्ये ब्रिटिश सैन्यदलांसाठी स्थापन झालेली संस्था होय. कँटीन, दुकाने व करमणुकीची ठिकाणे चालविणे हे तिचे काम होते.

या मागणीचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. फासावर जाण्याची शक्यता समोर असताना माणसे चहा, सिगारेट आणि विरंगुळ्याच्या खोलीविषयी का बोलतात? याचे उत्तर असे की, त्यांचा आग्रह वस्तूपेक्षा बरोबरीसाठी होता. एकाच समुद्रावर, एकाच शत्रूशी, एकाच ध्वजाखाली लढलेल्या दोन खलाशांपैकी एकाला बसण्याची जागा होती आणि दुसऱ्याला नव्हती. काम करताना भेद केल्यास ‘पात्रता’ हे निमित्त पुढे करता येते. काम संपल्यानंतर भेद केला तर त्याला कोणतेच निमित्त उरत नाही. म्हणूनच तो अधिक झोंबतो.

या उठावाविषयीच्या लेखनात दोन प्रवाह दिसतात. पहिला प्रवाह अन्न, वेतन व सोयी यांसारख्या सेवाशर्तींवर भर देतो. न्यायमूर्ती फजल अली यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगासमोरही या तक्रारींचा मोठा पसारा मांडला गेला. वसाहतवादी दृष्टीला हे सोयीचे होते, कारण तक्रार पोटाची ठरली की राजकारणाचा प्रश्न बाजूला पडतो. दुसरा प्रवाह राष्ट्रवादी आहे. तो उठावाची देशभक्ती अधोरेखित करतो आणि कँटीनसारख्या मागण्यांचा उल्लेख काहीशा संकोचाने करतो. प्रस्तुत अभ्यासकाच्या मते हे विभाजनच योग्य नाही. निकृष्ट अन्नातून, शिवीगाळीतून आणि बंद दारांतूनच या तरुणांना पारतंत्र्याचा अर्थ कळला. त्यांच्यासाठी स्वातंत्र्य ही दूरची कल्पना नव्हती. ते रोजच्या ताटात आणि रोजच्या संध्याकाळी जाणवणारे सत्य होते. कँटीनची मागणी ही राजकीय मागणीच होती.

धरणगावच्या उदाहरणाशी याची तुलना केल्यास इतिहासाचा एक टप्पा पूर्ण झालेला दिसतो. १८२५ मध्ये शिपायाने साहेबाची मेजवानी स्वीकारली. १९४६ मध्ये शिपायाने मेजवानी मागितलीच नाही, त्याने बरोबरीचे आसन मागितले.

६) स्वातंत्र्योत्तर काळ

उठावात सहभागी झालेल्या शेकडो नौसैनिकांना नोकरी गमवावी लागली. त्यांनी मागितलेली व्यवस्था ज्यांना मिळाली ते बहुतांशी नंतरचे नौसैनिक होते. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये ‘कँटीन स्टोअर्स डिपार्टमेंट’ अस्तित्वात आले व त्याचे मुख्यालय मुंबईतच राहिले. ज्या शहरात कँटीनच्या बरोबरीसाठी संप झाला, त्याच शहरातून भारतीय सैन्यदलांच्या कँटीनचा कारभार सुरू व्हावा, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

नौदलाचा विस्तार होत गेला तसा रिकाम्या वेळेचा प्रश्नही वाढला. नोव्हेंबर १९६१ मध्ये मुंबईस आलेल्या पहिल्या ‘विक्रांत’वर हजाराहून अधिक माणसे राहत असत. २ सप्टेंबर २०२२ रोजी सेवेत दाखल झालेल्या नव्या ‘विक्रांत’वर सुमारे १,६०० जणांची व्यवस्था आहे. ही संख्या आपल्याकडील एखाद्या लहान खेड्याच्या लोकसंख्येएवढी आहे. अशा तरंगत्या गावात खेळ व गप्पा यांची जागा ही प्रशासनाचाच भाग ठरते.

अलीकडच्या काळात या विषयाला नवे वळण मिळाले आहे. खेळाचे यंत्र आता खिशात मावते. अमेरिकन नौदलात २०१८ मध्ये दाखल झालेल्या ‘कोलोरॅडो’ या पाणबुडीवर निरीक्षण दुर्बिणीचे नियंत्रण व्हिडिओ गेमच्या साध्या हस्तयंत्राने करण्याची सोय करण्यात आली, कारण तरुण खलाशांची बोटे त्याला आधीच सरावलेली असतात. १९६६ मध्ये दुर्बिणीचा खेळ झाला होता, तर २०१८ मध्ये खेळाची दुर्बीण झाली. दुसरीकडे, हेरगिरीची प्रकरणे उघडकीस आल्यानंतर डिसेंबर २०१९ मध्ये भारतीय नौदलाने जहाजांवर व तळांवर स्मार्टफोन आणि समाजमाध्यमांच्या वापरास बंदी केली. सुरक्षेच्या दृष्टीने या निर्णयामागील कारणे समजण्यासारखी आहेत. परंतु ज्या पिढीचा सर्व विरंगुळा एका पडद्यात सामावलेला आहे, तिच्या हातातून तो पडदा काढून घेतल्यानंतर त्या जागी काय द्यावयाचे, हा प्रश्नही त्याबरोबरच उभा राहतो. मेसमधील कॅरमबोर्ड, तंबोला किंवा सर्वांनी मिळून खेळावयाचे एखादे यंत्र यांचे मोल अशा वेळी वाढते. मोबाइलवरील खेळ माणसाला एकटे करू शकतो. मेसमध्ये ठेवलेल्या यंत्राभोवती मात्र रांग लागते, पैजा होतात, पराभूताची थट्टा होते आणि आठवडाभर एकमेकांशी न बोललेले दोघे शेजारी उभे राहतात.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. सैनिकांची करमणूक ही राज्यकर्त्यांनी निष्ठा मिळविण्याचे साधन म्हणून वापरली. धरणगावचा भिल्ल कोअर हे त्याचे खानदेशातील ठळक उदाहरण होय.
२. नाण्याच्या यंत्रांचा व्यवसाय लष्करी तळांच्या आश्रयाने वाढला. ‘सेगा’ या नावातच त्याचा पुरावा आहे.
३. करमणुकीच्या साधनाचे मूल्यमापन तीन प्रश्नांनी करता येते. ते साधन कोणी निवडले, त्यातील पैसा कोणाकडे जातो आणि ते वापरण्याची मुभा कोणाला आहे?
४. १९४६ च्या उठावातील कँटीनची मागणी ही दुय्यम नसून समतेच्या राजकीय मागणीचा अविभाज्य भाग होती.
५. वैयक्तिक उपकरणांवरील निर्बंधांच्या काळात जहाजावरील सामूहिक खेळांचे महत्त्व वाढते.

समारोप :

युद्धनौकेवर एखादे खेळाचे यंत्र चढते तेव्हा इतिहासाच्या पानावर त्याची नोंद होत नाही. नोंद होते ती तोफांची, टनभाराची आणि वेगाची. परंतु जहाज चालविणारा माणूस तोफेसारखा वंगणावर चालत नाही. त्याला हसावे लागते, हरावे लागते, पुन्हा डाव मांडावा लागतो. ही त्याची गरज मान्य करणे म्हणजे त्याला माणूस म्हणून मान्य करणे होय. मुंबईच्या बंदरात १९४६ साली हीच मान्यता मागताना अनेकांनी आपली नोकरी व भवितव्य पणाला लावले आणि शेकडो नागरिकांनी प्राण दिले. तेव्हा खलाशाच्या फुरसतीचा इतिहास हा फुरसतीत वाचावयाचा इतिहास नसून तो समतेच्या लढ्याचाच एक अध्याय आहे, या दृष्टीने त्याचा अधिक अभ्यास होणे आवश्यक आहे.